निळ्या पानांची चोरी

१

साडेतीनला पाच मिनिटं कमी असताना ताई स्टुडिओतून आपल्या खोलीत परतल्या, तेव्हा टेबलावरचा ट्रे रिकामा होता. त्यात सहा निळी पानं असायला हवी होती. सहा वाजता प्रेक्षक येऊन बसणार होते, साडेसहाला चित्रीकरण सुरू होणार होतं, आणि ती सहा पानं नसली तर त्या दिवशी आमच्याकडे स्किटच नव्हतं.

"मास्तर," ताईंनी आमच्या दारातून हाक मारली, "पानं परत नेलीत का तुम्ही?"

मास्तर हातातला चहाचा कप तसाच धरून उभे राहिले. "मी कशाला नेऊ? तीन वाजता माझ्या हाताने ठेवलीत."

मास्तर म्हणजे आमचे मुख्य लेखक. पूर्वी शाळेत शिकवायचे, अजूनही विनोद पडला की शुद्धलेखन चुकल्यासारखा चेहरा करतात. मी चार महिन्यांपूर्वी लागलेली लेखिका, म्हणून माझं नाव 'नवी'. आमचा कार्यक्रम रात्री अकराला लागतो, पण चित्रित होतो संध्याकाळीच. पाहुणे येतात, यजमान त्यांची फिरकी घेतात, आणि मध्ये सात मिनिटांचं स्किट. त्यांना सगळे यजमानच म्हणतात. पहिल्या आठवड्यात मी फोनवर "आमचे यजमान आज चिडलेत" असं म्हणाले, तर आईने घाबरून विचारलं, "अगं, लग्न कधी केलंस?"

आता निळ्या पानांचं. पक्क्या संहितेची पानं पांढरी असतात, ती आदल्या दिवशी छापून यजमानांच्या घरी जातात. चित्रीकरणाच्या दिवशी जे बदलतं ते निळ्या कागदावर, आणि तेही हाताने लिहिलेलं. दोन वर्षांपूर्वी आमचे विनोद दुसऱ्या एका वाहिनीवर आमच्याआधी वाजले, तेव्हापासून मास्तरांचा संगणकावर विश्वास नाही. मास्तर लिहिणार, यजमान वाचून वरच्या कोपऱ्यात बरोबरची खूण करणार, मग पानं ताईंच्या ट्रेमध्ये. ताई ती टाइप करून प्रॉम्प्टरवर चढवतात. प्रॉम्प्टर म्हणजे कॅमेऱ्यासमोरची काच. तिच्यावर अक्षरं सरकत जातात आणि बघणाऱ्याला वाटतं, माणूस किती सहज बोलतोय!

सहा आठवड्यांत निळी पानं गायब व्हायची ही तिसरी वेळ. आधी दोन गेली, मग चार. दोन्ही वेळा आम्ही जुनी पांढरी पानं चालवून नेली होती. आज ते शक्य नव्हतं, कारण पांढरं स्किट होतं लिफ्टमध्ये अडकलेल्या लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याचं, आणि सकाळीच शहरात एका इमारतीची लिफ्ट खाली आदळून चार माणसं दवाखान्यात गेली होती.

ते लिफ्टचं स्किट माझं होतं. माझं पहिलं.

सकाळच्या बैठकीत ते बाजूला ठेवायचं ठरलं, तेव्हा मी म्हणाले होते, "पण कुणी गेलं तर नाही ना?" वाक्य तोंडातून निघाल्यावर माझीच मला लाज वाटली. पण निघालं ते निघालं, आणि खोलीतल्या सगळ्यांनी ऐकलं.

ताईंच्या हाकेनंतर पाचच मिनिटांत आमच्या निर्मात्या मॅडम आल्या. मास्तरांनी सांगायचं ते सांगितलं. मॅडमनी मला एवढंच विचारलं, "तीननंतर ताईंच्या खोलीत कोण गेलं होतं?"

"मी," मी म्हणाले. "तीन वाजून दहा मिनिटांनी. स्टेपलर आणायला."

"ट्रेमध्ये पानं होती?"

"लक्ष नव्हतं."

मॅडमनी घड्याळ पाहिलं. "पाचपर्यंत पानं मिळाली तर ठीक. नाहीतर तू घरी जा. आणि उद्या येऊ नकोस."

२

मला वाटलं ताईही आता तोंड फिरवतील. त्यांनी माझा दंड धरला. "चल माझ्याबरोबर. इथे बसून रडलीस तर मेकअपवालीचं काम वाढेल."

"ताई, मी नाही घेतली."

"मी कुठे म्हटलं घेतलीस? तुला चोरी करायची असती तर स्टेपलरही आणला असतास. तू तो तिथेच विसरून आलीस."

ताई या कार्यक्रमात अकरा वर्षं आहेत, पहिल्या दिवसापासून. कुठलं वाक्य कुणी लिहिलंय ते त्या नाव न बघता सांगतात. मास्तर स्वल्पविराम जास्त टाकतात, मी उद्गारचिन्हं. दिवसभर दुसऱ्यांचे शब्द सरकवत बसलेली बाई, पण तिच्या नजरेतून काही सुटत नाही.

आधी आम्ही गेलो मिशाकडे. मिशा म्हणजे यजमानांचा जोडीदार नट. लिफ्टच्या स्किटमध्ये त्याला बारा वाक्यं होती. मास्तरांच्या नव्या स्किटमध्ये, ते तक्रार कार्यालयाचं होतं, फक्त चार. तो कपडेपटाच्या खोलीत शर्टाला इस्त्री करत होता.

"बोला ताई. मीच चोर ना?" तो म्हणाला. "बारावरून चारवर आलो, म्हणजे मीच."

"चिडला होतास का?"

"चिडलो होतो. मास्तरांना तोंडावर सांगितलं. पण पानं नेऊन मी काय करू? लोणचं घालू?"

"तीन ते साडेतीन कुठे होतास?"

"इथेच."

"एकटाच?"

"ही इस्त्री होती. तिला विचारा."

मला हसू आलं, ताईंना आलं नाही. त्या खुंटीवरच्या त्याच्या कोटाकडे बघत होत्या. मीही पाहिलं. आतल्या खिशातून घडी केलेल्या कागदाचा एक कोपरा डोकावत होता.

कोपरा निळा होता.

३

ताईंनी हात पुढे केला. मिशाने इस्त्री उभी करून ठेवली, कान लाल झाले त्याचे. कागद काढून दिला.

एकच पान होतं. वरती त्याच्या वेड्यावाकड्या अक्षरात लिहिलेलं: "साहेब, तक्रारपेटी हरवलीय." "मग तशी तक्रार टाका." "कुठे?" खाली आणखी तीन-चार ओळी, खोडलेल्या, पुन्हा लिहिलेल्या.

"कोरा कागद मास्तरांच्या गठ्ठ्यातून घेतला," तो पुटपुटला. "मध्येच घुसवणार होतो. चारची सात झाली असती."

"बरं आहे हे," ताई म्हणाल्या.

"खरंच?"

"पहिल्या तीन ओळी. बाकीचं खोडलंयस ते योग्यच केलंस." त्यांनी कागद परत दिला. बाहेर आल्यावर मला म्हणाल्या, "ज्याला आणखी वाक्यं हवीत तो सगळं स्किटच कशाला बुडवेल?"

चार वाजून गेले होते. घरी आईला काय सांगायचं याची मी मनात तालीम करायला लागले होते.

मेकअपवाली तिच्या खोलीबाहेरच्या नळावर ब्रश धूत होती. ताईंनी तिला विचारलं, "यजमान आज कसे आहेत?"

"नेहमीसारखे. आरशाभोवतीचे दिवे लावू देत नाहीत. डोळ्यांत बोचतात म्हणे. निम्म्या अंधारात रंगवते मी त्यांना. एखाद्या दिवशी एक भुवई राहून जायची."

"कधीपासून?"

"झाले दोन-अडीच महिने. मोठी माणसं, मोठे लाड."

"आणि तीन ते साडेतीन आतच होते?"

"होते की. मध्ये एकदा पाय मोकळे करून आले."

आम्ही ताईंच्या खोलीत परतलो. मेकअपच्या खोलीपासून ती नऊ-दहा पावलांवर. त्यांनी सगळ्यात खालचा खण उघडला आणि मागच्या आठवड्यातलं एक निळं पान काढलं. त्यात एकच ओळ बदललेली होती. ते पान गायब झालं नव्हतं, पण चित्रीकरणात यजमान जुनीच ओळ बोलले होते.

"मला वाटलं, त्याला जुनी जास्त आवडली असेल," ताई म्हणाल्या. "आता खूण बघ."

मी पाहिलं. बरोबरची खूण खालच्या कोपऱ्यात होती, आणि उलटी. पान फिरवून धरलं तरच ती सुलट दिसत होती.

"म्हणजे खोटी खूण? दुसऱ्याच कुणी केलेली?"

"खूण त्याचीच आहे. शेपटी लांब ओढतो तो, तशीच आहे." त्या खुर्चीत बसल्या. "सगळे विचारतायत, पानं गेली की फायदा कुणाचा? एकदा मिशाचा दिसतो, एकदा तुझा. जुळत नाही. मी म्हणते, पानं गेली की होतं काय? जुनंच स्किट होतं. आणि जुनं आदल्या दिवशी घरी गेलेलं असतं. पाठ करायला वेळ मिळालेला असतो."

"पण पाठ कशाला करायचं? समोर प्रॉम्प्टर असतो की."

"गेल्या मंगळवारी माझा प्रॉम्प्टर मध्येच दहा सेकंद गोठला. काचेवर तीच ओळ अडकून राहिली. मी बटणं दाबत सुटले. आणि तो? जराही न अडखळता बोलत राहिला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, काय हजरजबाबी माणूस म्हणून." ताईंनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. "मीही वाजवल्या."

मग त्यांनी गठ्ठ्यातून एक निळा कागद उचलला आणि उठल्या. "तू दाराशी उभी राहा. मी सांगेपर्यंत तोंड उघडू नकोस."

४

मेकअपच्या खोलीत यजमान खुर्चीत बसले होते, तालमीत घालतात तो काळा चष्मा लावून. आरशाभोवतीचे दिवे बंद. पडदाही ओढलेला.

"कोण?"

"मी रे," ताई म्हणाल्या.

"ये ताई. सापडली का पानं?"

"नाही. मास्तरांनी आठवून पहिलं पान पुन्हा लिहिलंय. एकदा वाच आणि खूण कर, म्हणजे मी टाइप करायला घेते."

ताईंनी कागद त्यांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, पान समोर धरलं. डोळे डावीकडून उजवीकडे फिरवले, हळूहळू खाली आणले. मध्ये एकदा हसले. आम्ही कुणीही वाचताना हसतो तसंच, अगदी बरोबर वेळ साधून.

"मस्त," ते म्हणाले. "सुरुवात तर झकासच जमलीय." पेन घेऊन कोपऱ्यात खूण केली. शेपटी लांब ओढली.

ताईंनी पान परत घेतलं. त्या यजमानांकडे बघत राहिल्या. मग अगदी हळू म्हणाल्या, "अरे, पान कोरं आहे."

५

यजमानांनी कपाळावरचा चष्मा काढून मांडीवर ठेवला.

"किती दिवसांपासून कळलंय तुला?"

"अर्धा तास झाला. खरं तर दोन महिन्यांपूर्वीच कळायला हवं होतं. तूच सांग, काय दिसतं तुला?"

"धुकं," ते म्हणाले. "माणसं दिसतात, तोंडं नाही. स्टुडिओचे दिवे लागले की सगळं पांढरं होतं. बायकोला सांगितलंय, डोळे दमतात. ती रोज संध्याकाळी वाचून दाखवते, मी पाठ करतो. पांढरी पानं जमतात. निळी..." ते थांबले. उठून त्यांनी खुर्चीवरची गादी उचलली. खाली सहाही पानं होती, नीट, एकही सुरकुती न पडता. ती हातात घेऊन ते पुन्हा बसले. "फाडायचा धीर झाला नाही. कुणाच्या तरी हातचं लिहिलेलं आहे."

"पण आज तर तुझं पांढरंही गेलं होतं. काय करणार होतास?"

"म्हटलं, मास्तर ऐनवेळी आधीचं एखादं जुनं काढतील, मला पाठ असलेलं. तेवढाच विचार केला. भीती वाटायला लागली की माणूस पुढचं बघत नाही."

"डॉक्टरकडे का नाही गेलास?"

"बाबा घड्याळं दुरुस्त करायचे, तुला माहीत आहे. माझ्याच वयाचे होते. एक दिवस टेबलावरचा स्क्रू त्यांना सापडेना. मी दाखवला, तर मलाच ओरडले. डॉक्टर म्हणाले काचबिंदू, गेलेली नजर परत येत नाही. त्यांनी दुकान बंद केलं ते कायमचं. ताई, जोवर कुणी मला ते वाक्य ऐकवत नाही, तोवर मी काम करतोय. एकदा ऐकलं की झालं."

ताईंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "ते नंतर बघू. आधी एक ऐक. पाच वाजता मॅडम नवीला घरी पाठवणार आहेत. पानं तिने चोरली म्हणून."

यजमान ताडकन उठले. खुर्ची मागे कलंडली.

"नवीने? तिचा काय संबंध? मला कुणीच कसं सांगितलं नाही?"

"तू दार लावून बसतोस. कोण सांगणार?"

"कुठे आहे ती?"

"इथेच आहे," मी म्हणाले.

ते आवाजाच्या दिशेने वळले. "माफ कर पोरी. मला वाटलं पानं जातात तेव्हा फार तर मास्तर चिडतात. कुणाच्या पोटावर पाय येईल हे डोक्यातच आलं नाही. चल."

त्यांनी माझा हात धरला. दिसत नव्हतं म्हणून की मला धीर द्यायला, कोण जाणे. लेखकांच्या खोलीत मॅडम, मास्तर, मिशा सगळे होते. यजमानांनी सहा पानं टेबलावर ठेवली आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. काही सजवलं नाही, काही वगळलं नाही.

मास्तर आधी बोलले. "म्हणजे दोन महिने तुम्ही माझं काहीच न वाचता झकास म्हणताय?"

"हो."

"मी घरी बायकोला सांगायचो हो, आज झकास म्हणाले." आणि मग ते इतके हसले की त्यांना खाली बसावं लागलं. त्यांच्या मागून मिशा, मग आम्ही सगळेच. छातीवरचा मोठा धोंडा कुणीतरी उचलून बाजूला ठेवल्यासारखं वाटलं. आमच्यात चोर नव्हता. एक घाबरलेला माणूस होता, आणि तो आमचाच होता.

मॅडम मात्र हसल्या नाहीत. त्या माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. "मी चुकले," म्हणाल्या. त्या असं म्हणतात हे खोलीत कुणालाच माहीत नव्हतं. "उद्या दहाला ये. तुझं लिफ्टचं स्किट चांगलं आहे. ते दुसऱ्या कशात तरी अडकव." मग यजमानांकडे वळून, "आणि तुम्ही. आजचा कार्यक्रम रद्द करू?"

"नको," ताईंनीच उत्तर दिलं. "त्याच्या कानात इयरफोन असतोच, तुमच्या सूचनांसाठी. आज त्याचा माइक मला द्या. काचेवर दाखवते तेच कानात वाचते. फरक काय?"

फरक होता. बोलणाऱ्याला ऐकता ऐकता बोलायचं म्हणजे तारेवरची कसरत. पाच ते सहा त्या दोघांनी मेकअपच्या खोलीत बसून सराव केला. ताई अर्धं वाक्य पुढे, यजमान अर्धं मागे. साडेसहाला दिवे लागले. मी नियंत्रण कक्षात ताईंच्या मागे उभी होते. त्या माइकजवळ तोंड नेऊन सहा पानं कुजबुजत होत्या, सपाट आवाजात, किराणा मालाची यादी वाचल्यासारखं. आणि तेच शब्द पुढच्या क्षणी पडद्यावर यजमानांच्या तोंडून निघाले की तीनशे माणसं हसत होती. मिशाने तक्रारपेटीच्या तीन ओळी घुसवल्या, तेव्हा ताई क्षणभर गप्प राहिल्या आणि यजमानांनी ती शांतताच वापरली. मिशाकडे नुसतं बघत राहिले. दिवसातला सगळ्यात मोठा हशा तिथे पडला.

६

तरीही डॉक्टरकडे न्यायला चार दिवस लागले. तीनदा वेळ घेतली, दोनदा ते आयत्या वेळी फिरले. शेवटी त्यांची बायको आणि ताई दोन बाजूंना बसल्या आणि गाडीची दारं आतून बंद केली. ताईंनी मला का बोलावलं माहीत नाही. म्हणाल्या, "तुला पाहून तो पळायचा नाही. तुझं देणं लागतो."

डॉक्टरीणबाई माझ्यापेक्षा फार मोठ्या नसाव्यात. त्यांनी दोन्ही डोळे तपासले, डोळ्यातला दाब मोजला, पुन्हा मोजला. यजमानांनी बायकोची बोटं इतकी घट्ट धरली होती की ती पांढरी पडली होती.

"वडिलांना काचबिंदू होता म्हणालात?"

"हो."

"तुम्हाला नाही. दाब अगदी ठीक आहे, नस ठीक आहे. मोतीबिंदू आहे, दोन्ही डोळ्यांत, चांगला पिकलेला. उजेडात जास्त त्रास होतो तो त्यामुळेच. एकेका डोळ्याला वीस मिनिटं लागतील. यासाठी एवढं थांबलात?"

गेली अकरा वर्षं रोज रात्री लाखो लोकांसमोर ज्याला शब्द कमी पडला नाही, तो माणूस नुसता मान हलवत राहिला. मग त्यांच्या बायकोने त्यांच्या पाठीत एक धपाटा घातला, चांगला आवाज येईल असा, आणि रडायला लागली.

पहिला डोळा त्याच आठवड्यात झाला, दुसरा पुढच्या महिन्यात ठरला. पहिल्या डोळ्याची पट्टी काढायच्या दिवशी आम्ही सगळेच गेलो, मास्तर आणि मिशासुद्धा. बाहेरच्या बाकड्यांवर दाटीवाटीने बसलो. वाट बघणारी माणसं पेंगत होती, एक आजोबा घोरत होते.

दार उघडलं आणि यजमान बाहेर आले. आमच्याकडे पाहिलंच नाही त्यांनी. ते भिंतीकडे बघत होते.

"चपला बाहेर काढाव्यात," त्यांनी मोठ्याने वाचलं. बोट दुसऱ्या पाटीकडे गेलं. "औषधांची चिठ्ठी सोबत आणावी! मागच्या तारखेचा कागद चालणार नाही!" माणसं जागी व्हायला लागली. ते फळ्यापाशी गेले, दाराशी गेले, कोपऱ्यातल्या अग्निशामक नळकांड्यावरच्या बारीक सूचनाही सोडल्या नाहीत. आणि मग पार जिन्याच्या टोकाला लावलेल्या छोट्या पाटीकडे पाहून, स्टुडिओच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोचेल अशा आवाजात ते गरजले, "कृपया शांतता राखा!"

आतून परिचारिका धावत आली. "अहो, काय चाललंय? वाचता येत नाही का तुम्हाला?"

यजमान तिच्याकडे वळले. डोळे भरून वाहत होते, आणि ते हसत होते.

"येतं," ते म्हणाले. "येतं हो, सिस्टर."